एमआरआय नॉर्मल आला म्हणून थांबू नका

लेखात क्रिप्टोकॉकल मेंदुज्वराच्या (क्रिप्टोकॉकस बुरशीमुळे होणाऱ्या) निदानासाठी एमआरआयवरच भर दिलाय. तो नॉर्मल असला तरी आजार असू शकतो. खरं निदान पाठीच्या कण्यातून सुईने काढलेल्या पाण्यावर (मेंदूभोवतीचा द्रव) होतं. आपल्याकडे त्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, प्रोटीन वाढलेलं, साखर कमी दिसली की थेट टीबीची औषधं सुरू होतात. एचआयव्ही निगेटिव्ह असेल तर बुरशीचा विचारच होत नाही आणि आठवडेच्या आठवडे वाया जातात. इंडिया इंक (पाण्यात शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधायची तपासणी) निगेटिव्ह आली तरी क्रिप्टोकॉकल अँटिजेन (बुरशीचे अंश शोधणारी तपासणी) आणि फंगल कल्चर (बुरशी वाढवून पाहणं) मागवाच. अशा पेशंटमध्ये बुरशी बऱ्याचदा कमी असते, शाईत निसटते.

आणि सुई घातल्यावर दाब मोजा, पेशंटला कुशीवर झोपवून! तो २५ सेंमी पाण्याच्या वर असेल आणि लक्षणं असतील तर २० च्या आसपास येईपर्यंत पाणी काढायचं, फारच जास्त असेल तर निम्म्यावर आणायचं. गरज पडल्यास रोज. दृष्टी जाण्याचं मोठं कारण हा दाबच. मॅनिटॉलवर (मेंदूची सूज कमी करायला देतात ते औषध) विसंबू नका.

उपचारात अँफोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, सलाइनमध्ये साका धरतो. सोबत फ्लुसायटोसिन हे दुसरं बुरशीविरोधी औषध, एचआयव्ही नसलेल्यांना साधारण ४ आठवडे. पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) तपासत राहायचं. पुढे फ्लुकोनॅझोलची गोळी, कित्येक महिने. डोकं दुखायचं थांबलं की लोक हीच गोळी सोडतात आणि आजार उलटतो.