अखेर जमलं!

गेल्या एक जानेवारीला लेकीने काचेची एक रिकामी बरणी टेबलावर आणून ठेवली आणि फर्मान काढलं. वर्षभरात जे जे चांगलं घडेल ते चिठ्ठीवर लिहून हिच्यात टाकायचं आणि एकतीस डिसेंबरच्या रात्री सगळ्यांसमोर वाचायचं. "किरकोळ आनंदसुद्धा चालेल हं, बाबा," असं म्हणताना तिने खास माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे घाऊक माल नसणार, हे तिने गृहीतच धरलं होतं.

या उपद्व्यापाला शास्त्राचा आधार होता. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तिने मला वाचून दाखवला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचेक गोष्टी लिहायच्या. दुसऱ्या गटाने डोक्याला ताप देणाऱ्या गोष्टी लिहायच्या. पहिला गट आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाला. मी म्हटलं, मला दुसऱ्या गटात घातलं असतं तर मी पहिल्या संध्याकाळीच पुरवणी मागितली असती.

खोटं नाही. दुःखाला बरणी लागतच नाही. सात वर्षांपूर्वी एका लग्नात एका गृहस्थांनी मला माझ्या धाकट्या भावाचा बाप समजून वाकून नमस्कार केला. याची कुठेही नोंद नाही, तरी तो वार, ती वेळ आणि त्यांच्या शर्टाच्या रेघा मला मुखोद्गत आहेत. उलट त्याच वर्षी मला काही आनंद झाला होता का, हे विचारलंत तर मी घरात फोन करून विचारतो.

तरीही मी कामाला लागलो. जानेवारीत मी फार उत्साही असतो. पहिल्या आठवड्यात अकरा चिठ्ठ्या! 'गजर व्हायच्या आधी जाग आली.' 'लिफ्ट आधीच आपल्या मजल्यावर उभी होती.' 'विधुर मोज्याची बायको सापडली.' 'जुन्या पँटचं बटण श्वास न रोखता लागलं.' मग नवव्या दिवशी चिठ्ठी राहिली. दहाव्या दिवशी दोन्ही दिवसांच्या एकदम टाकू म्हटलं. अकराव्या दिवशी थकबाकी इतकी झाली की मी बरणीच्या खोलीतून मान खाली घालून जाऊ लागलो. सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात हे लंडनच्या काही संशोधकांनी मोजलंय. सरासरी ६६ दिवस. कुणाचं १८ दिवसांत भागतं, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज. सुटायला किती लागतात ते मला विचारा. एक.

तर परवा एकतीस डिसेंबर. बरणी मधोमध, आम्ही चौघं भोवती, शवविच्छेदनाला बसल्यासारखे. झाकण नुसतंच वर टेकवलेलं होतं. ते फिरवून घट्ट लावायचं नाही असा घरात कधीतरी नियम झाला होता. का, ते कुणालाच आठवत नव्हतं. बरणीत चिठ्ठ्यांशिवाय एक बटण, पेनाचं टोपण, संपलेत की नाहीत ते न ठरलेले दोन सेल, एक जाड रबरबँड आणि कुठल्याच कुलपाला न लागणारी किल्ली निघाली. बाकी काही म्हणा, वर्षाचं यथार्थ चित्र होतं.

लेकीच्या चिठ्ठ्या लांबलचक, मागेपुढे चांदण्या काढलेल्या. आईच्या चिठ्ठ्या औषधाच्या पुडीसारख्या घडी घातलेल्या: 'आज कुणीही गुडघ्यांबद्दल विचारलं नाही. बरं वाटलं.' बायकोची पहिली चिठ्ठी निघाली: 'आज हे दिवसभर बाहेर होते.' मी विचारलं, कधीची गोष्ट ही? ती म्हणाली, "वाचत राहा, अजून आहेत." चार होत्या.

नियमाप्रमाणे प्रत्येकाने वर्षातला आपला एक वैयक्तिक टप्पाही सांगायचा होता. मी तयारीने आलो होतो. खाकरून म्हणालो, "या वर्षात मी चौऱ्याण्णव कोटी किलोमीटर प्रवास पूर्ण केला." पृथ्वीची सूर्याभोवतीची एक फेरी साधारण तेवढीच भरते. "तो सगळ्यांनीच केला," बायको म्हणाली, "आणि आईंच्या तुमच्यापेक्षा सव्वीस फेऱ्या जास्त झाल्यात." आईने नम्रपणे मान हलवली.

आणि मग ती चिठ्ठी निघाली. अक्षर माझं. तारीख १७ मार्च. मजकूर: 'अखेर जमलं!!' खाली दोन रेघा.

काय जमलं?

मला काहीच आठवेना. माणूस दोन उद्गारचिन्हं काढतो, दोनदा अधोरेखित करतो, म्हणजे काहीतरी ऐतिहासिक घडलेलं असणार. लेक म्हणाली, पासवर्ड आठवला असेल. बायको म्हणाली, चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेल्या चादरीची घडी जमली असेल. पण लगेच स्वतःच म्हणाली, छे, ती कुणालाच जमत नाही. फोनमध्ये त्या दिवशीचे फोटो काढून पाहिले: पार्किंगमधल्या खांबाचा नंबर, विजेचं मीटर आणि माझा अंगठा. त्या दिवशी पाठवलेले संदेश: 'हो', 'पोचलो', 'बघतो'. एवढ्या पुराव्यावर चरित्रकार माझं काय करणार?

आई इतका वेळ गप्प होती. म्हणाली, "त्या दिवशी संध्याकाळी तू माझ्या खोलीत येऊन नाचला होतास."

"कशासाठी?"

"ते नाही विचारलं. तू नाचत होतास ना, मग मी कशाला विचारू?"

आम्ही पेटलो. कपाटं उघडली, जुन्या पावत्या काढल्या, लेक पलंगाखाली शिरली. बाहेर एकदम गलका झाला तेव्हा कळलं की बारा वाजून गेले. जानेवारी ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या रोमन देवाला, जेनसला, दोन तोंडं. एक मागे बघतं, एक पुढे. आमच्याकडे त्या क्षणाला चारही तोंडं मागे होती, त्यातलं एक पलंगाखाली.

शेवटी तपास बंद केला. लेकीने बरणी धुऊन पुसून नव्या वर्षासाठी ठेवली. आता नव्या वर्षात तरी घरात शिस्त हवी म्हणून मी झाकण गच्च फिरवून लावलं. मग पहिली चिठ्ठी टाकावी म्हटलं, तर झाकण उघडेना. लेकीने जोर लावला, बायकोने टेबलावर आपटलं, मी पदराची... म्हणजे बायकोच्या ओढणीची मदत घेतली. ढिम्म. हाताशी तो जाड रबरबँड पडलेला होता. तो झाकणाभोवती गुंडाळला, दात-ओठ खाऊन पीळ दिला, आणि 'टक्' आवाज झाला.

"अखेर जमलं!" मी ओरडलो, बरणी डोक्यावर धरून दोन गिरक्या घेतल्या.

आई म्हणाली, "हां. हाच नाच."