त्वचा आणि मेंदू: एक दुरुस्ती

त्वचेच्या पेशींतून स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचा अभ्यास करण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘त्वचा आणि मेंदू गर्भातल्या एकाच थरातून बनतात, म्हणून त्वचेच्या पेशींत स्किझोफ्रेनिया दिसतो’ हे अर्धंच खरं आहे. वरवरची त्वचा त्या थरातली. प्रयोगशाळेत वाढवतात त्या फायब्रोब्लास्ट पेशी मात्र खालच्या त्वचेतल्या, आणि हातापायांवरच्या तर गर्भाच्या मधल्या थरातून आलेल्या. त्यांचा उपयोग वेगळाच: त्यांच्यात रुग्णाचीच जनुकं असतात.

जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या अशा पेशी मूळपेशींसारख्या, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकतील अशा, करून दाखवल्या. 2011 मध्ये अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूटमधल्या फ्रेड गेज यांच्या गटाने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या त्वचेपासून चेतापेशी (मेंदूत असतात तशा) बनवल्या. त्यांच्या आपसातल्या जोडण्या कमी, जवळपास 600 जनुकांचं काम कमीजास्त झालेलं. लॉक्सापिन हे या आजारावरचं जुनंच औषध दिल्यावर जोडण्या वाढल्या. पण रुग्ण होते अवघे चार!

मग थेट मेंदूच का नाही तपासायचा? कारण मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूत आजार कुठला आणि वर्षानुवर्षांच्या गोळ्यांचा परिणाम कुठला, हे निवडणं महाकठीण. आमचा मामा या आजारासाठी 30 वर्षं गोळ्या घेतोय, वर विड्या. प्रयोगशाळेतल्या बशीत आठवडेच्या आठवडे वाढलेल्या पेशींत गोळ्या-विड्यांचा हा परिणाम बरंचसा धुऊन निघतो. अडचण अशी की या चेतापेशी गर्भातल्या मेंदूइतक्या कोवळ्या असतात. विशीच्या आसपास उमटणारा आजार त्यांत कितपत दिसणार?

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेमध्येही एकाच घरात अनेक रुग्ण असलेल्या कुटुंबांच्या पेशींवर असं काम झालंय. पुढचा लेख त्यावर लिहा की.