पेढे न्या, बादली नको

‘फ्लॅटचं काम झालं, चावी घ्यायला या,’ असा कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला की पेढ्यांचा डबा घेऊन जावं. बादली, टॉर्च, रुपयाचं नाणं, मोबाइलचा चार्जर असल्या वस्तू सोबत नेणं चांगल्या घरातल्या माणसांना शोभत नाही. त्याने ‘गणपतीच्या आधी देतो’ म्हटलं होतं आणि गणपतीच्या आधी दिलं. कोणत्या सालच्या, हे विचारणं कोतेपणाचं.

वेळ संध्याकाळी सातची बरी. फॉल्स सीलिंगच्या पिवळ्या उजेडात भिंती लोण्यासारख्या दिसतात. सकाळी गेलात तर ऊन तिरकं पडतं आणि पुट्टीचे फुगवटे, पॉलिशपेपर न फिरलेले पट्टे, रोलरच्या रेघा सगळं उघडं पडतं. भिंतीला चिकटवून टॉर्च मारला तरी तेच दिसतं, म्हणून टॉर्च घरी ठेवायचा.

नाणंही. लादीच्या मधोमध आणि चारही कोपऱ्यांत ते ठोकलं की खाली सिमेंटचा माल नसेल तिथे पोकळ आवाज येतो. माल सगळीकडे न पसरता चार गोळे ठेवून लादी दाबली की कोपरे अधांतरी राहतात. अशा कोपऱ्यावर कुकर पडला तर लादी तडकते. पण कुकर काय रोज पडतो?

बाथरूममध्ये तर पायच घालू नका. काही संशयी लोक पाणी जाण्याच्या भोकात, म्हणजे नहाणी ट्रॅपमध्ये, फडकं कोंबतात, दाराशी छोटा बांध घालतात, इंच-दीड इंच पाणी भरतात, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करतात आणि ४८ तास वाट बघून खालच्या फ्लॅटचं छत तपासायला जातात. तेही दोनदा: वॉटरप्रूफिंगनंतर लादी बसण्याआधी एकदा आणि लादी बसल्यावर पुन्हा. ४८ तासांत पेढे विटतील, याचा विचार कोणी करत नाही. उताराचंही तसंच. पाच फुटांच्या बाथरूमला ट्रॅपकडे १५ ते २० मिलिमीटर उतार हवा म्हणे. बादलीभर पाणी ओतलं आणि ते ट्रॅपऐवजी दाराकडे निघालं, तर त्यात लादीवाल्याचा काय दोष? पाण्यालाही हॉल बघायचा असेल. आणि ट्रॅपची जाळी चुकूनही उचलू नका. ग्राउट (लाद्यांच्या फटींत भरायचा मसाला) आणि सिमेंटचा राडा बहुधा तिथूनच ओतलेला असतो. तळाशी घट्ट झालेला तो गोळा पाहून उगाच मन खट्टू होतं.

विजेच्या डब्यात आरसीसीबीवर, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवर, एक टेस्टचं बटण असतं. ते दाबलं की खटका पडायला हवा. न पडल्यास बिचारा झोपलाय असं समजावं. चार्जर घेऊन प्रत्येक पॉइंट तपासणाऱ्यांना एखादा मुका सॉकेट नक्की सापडतो, आणि दोन किलोवॅटचा गिझर ६ अँपिअरच्या पॉइंटवर जोडलेलाही. तो जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. सॉकेट वितळल्याचा वास आला की कळेलच, आत्ता घाई कशाला?

सिंकखालच्या कपाटात वाकून बघणं तर निव्वळ असभ्यपणा. ‘आयएस ७१०’चा, म्हणजे पाण्यात टिकणारा, प्लाय म्हणून पैसे दिलेत ना, मग शिक्का कशाला शोधायचा? पाइपासाठी कापलेल्या भोकाच्या कडा उघड्या असतील तर प्लाय पाणी पिऊन फुगतो. फुगू दे.

घोडबंदर रोडला वरच्या मजल्यावर राहत असाल तर जुलैतला पाऊस आडवा येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात आणि ती सिलिकॉनने बुजलेली असतात. पट्टीत तांब्याभर पाणी ओतलं की एका मिनिटात कळतं. पण जुलै येणारच आहे, तो फुकटात तपासून देईल.

‘फक्त टचिंग राहिलंय, उद्या माणूस पाठवतो,’ हे वाक्य ऐकलं की शेवटचा हप्ता लगेच देऊन टाका. राहिलेल्या कामांची यादी लिहून तिच्यावर सही मागणं, आणि ती कामं होईपर्यंत दहा टक्के अडकवून ठेवणं, म्हणजे अविश्वास झाला.

दोन पेढे मात्र बाजूला ठेवा. खालच्या मजल्यावरचे काका आपल्या छतावरच्या ओल्या डागाचा फोटो घेऊन येतील तेव्हा लागतील. कॉन्ट्रॅक्टरला त्यांच्यासमोरच फोन लावा. तो खारघरच्या साइटवर असेल, तिथेही गणपतीच्या आधी द्यायचंय.