गाडीतून घराला वीज: त्या व्हिडिओतलं खरं किती?

वळवाचे दोन पाऊस झाले आणि सांगलीत चार ठिकाणी फांद्या तारांवर पडल्या, की तो व्हिडिओ पुन्हा ग्रुपवर फिरायला लागतो. बर्फात अंधारलेली वस्ती, एकाच घरात दिवे आणि दारात अवाढव्य ट्रक. खाली मराठीत मजकूर: ‘२०२१ साली टेक्सासमध्ये इलेक्ट्रिक ट्रकनं घरं वाचवली. आपणही इलेक्ट्रिक गाडी घ्या, घरातल्या सॉकेटला एक वायर जोडा, तीन दिवस एसी, गीझर, मोटर सगळं फुकट चालवा. इन्व्हर्टर विकून टाका. वर सोलर असेल तर महावितरणला रामराम. पुरात तर वरदानच.’

यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच लोकांना सगळंच खरं वाटतं. एकेक मुद्दा घेऊ.

टेक्सासपासून सुरुवात करू. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे कडाक्याच्या थंडीत वीज गेली, हे खरं. लोकांनी ट्रकमधून घरातले दिवे लावले, हेही खरं. पण ते ट्रक होते फोर्ड एफ-१५० हायब्रिड, पेट्रोलवर चालणारे, ७.२ किलोवॅटचा जनरेटर पोटात घेऊन आलेले. त्याच कंपनीचा पूर्ण इलेक्ट्रिक ‘लायटनिंग’ ट्रक जाहीरच झाला त्या वर्षीच्या मे महिन्यात आणि ग्राहकांच्या हातात पडला २०२२ मध्ये. म्हणजे व्हिडिओतल्या घराला वीज मिळाली पेट्रोलची. तसा जनरेटर आपल्याकडे प्रत्येक लग्नात मांडवामागे धडधडत असतोच.

लायटनिंगमधून घर चालतं, यात वाद नाही. ९.६ किलोवॅटपर्यंत वीज तो देतो. मात्र त्यासाठी भिंतीवर कंपनीचा खास चार्जर बसवावा लागतो आणि घराला बाहेरच्या लाइनपासून आपोआप तोडणारी यंत्रणाही. ‘एक वायर जोडा’ हे तिथेही चालत नाही. शिवाय ही गाडी भारतात विकली जात नाही.

‘तीन दिवस’ हा आकडाही तिथलाच. दिवसाला ३० युनिट खाणारं अमेरिकन घर धरून कंपनीनं तो काढला. आपल्याकडे मध्यम कुटुंबाचं महिन्याचं बिल शंभर-सव्वाशे युनिटचं, म्हणजे दिवसाला चारेक युनिट. ४५ युनिटची बॅटरी असलेली साधी कार पूर्ण चार्ज असेल, तर पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही यावर आठवडाभरही निघेल. इथे मेसेजवाल्यानं उलट कमीच सांगितलंय!

घोटाळा पुढे आहे. टाकी मोठी असली तरी तोटी बारीक आहे. आपल्याकडे नेक्सॉन किंवा कर्व्हसारख्या इलेक्ट्रिक गाड्यांतून उपकरणं चालवायची सोय मिळते ती साधारण ३.३ केव्हीएची (ढोबळमानानं तितकेच किलोवॅट), आयोनिक ५ मध्ये ३.६ किलोवॅटची. तीही प्रत्येक व्हेरियंटमध्ये असतेच असं नाही. दोन किलोवॅटचा गीझर आणि दीड टनाचा एसी एकदम लावलात की मामला संपला. मोटरचं तर वेगळंच. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट हे गणित मोटर फिरायला लागल्यावरचं. सुरू होताना ती पाच-सहा पट करंट ओढते आणि नेमकी तेव्हाच गाडी सप्लाय तोडते. विहिरीवरची पाच एचपीची थ्री-फेज मोटर तर विसराच; गाडीतून येतो तो सिंगल फेज.

आता ती वायर. मेसेजमधल्या फोटोत तिच्या दोन्ही टोकांना पिन आहेत. एक टोक गाडीच्या सॉकेटमध्ये, दुसरं घराच्या. पहिलं टोक लावलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट येतात आणि ते टोक तुमच्या हातात असतं. हे झालं घरातलं मरण. मेन स्विच पाडायचा राहिला, तर हीच वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. डीपीतला ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो, तसाच उलट्या बाजूनं वाढवूनही देतो. कोणी म्हणेल, एवढ्या गल्लीचा लोड आला तर गाडीच ट्रिप होईल. बहुतेक वेळा होईलही. पण तुमची सर्व्हिस वायर पुढे तुटलेली असेल किंवा वायरमननं डीपीतला फ्यूज काढून ठेवला असेल, तर लोड असतो दोन-चार घरांचा आणि खांबावर चढलेल्या माणसाला तार मेलेली वाटत असते. त्यानं नियमाप्रमाणे लाइन अर्थ केली, म्हणजे जमिनीला जोडून ठेवली असेल, या भरवशावर आपण कोणाच्या जिवाशी खेळायचं नसतं. आणि तेवढ्यात लाईट आलीच, तर दोन सप्लाय एकमेकांवर आदळून गाडीतला महागडा भाग जळतो, तो वेगळाच.

यावर उपाय साधा आणि जुना: चेंजओव्हर. एका वेळी एकच सप्लाय घरात येईल असा स्विच, लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवलेला. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याची इनपुटची पिन भिंतीतून काढून गाडीच्या एक्स्टेन्शनला लावायची, ही युक्तीही चालते. मात्र आपल्याकडच्या कित्येक घरांत इन्व्हर्टरचा फक्त फेज वेगळा ओढलेला असतो आणि न्यूट्रल घराचाच वापरलेला असतो. तिथे ही युक्ती फसते. आधी वायरिंग बघून घ्या.

यातच ‘इन्व्हर्टर विका’चं उत्तर आलं. त्यात भर एवढीच, की दुपारी दोनला लाईट जाते तेव्हा गाडी कुपवाड एमआयडीसीत उभी असते. इन्व्हर्टर डोळ्याचं पातं लवायच्या आत चालू होतो, गाडीला कोणीतरी खाली जाऊन वायर लावावी लागते. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरचा पेशंट असेल तर हा फरक छोटा नाही.

सोलरचं थोडक्यात: छतावरच्या सोलरचा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला इन्व्हर्टर लाईट गेली की मुद्दाम बंद पडतो, खांबावरच्या त्याच माणसासाठी. गाडीच्या विजेनं त्याला फसवून चालू करायला जाऊ नका, जास्तीची वीज गाडीत उलटी शिरेल. ‘फुकट’चंही तसंच. भरताना आणि काढताना मिळून दहातली दोनेक युनिटं हवेत जातात आणि भरली ती बिलातूनच.

राहिला पूर. २००५, २०१९, २०२१ पाहिलेल्या गावाला हे सांगायचं धाडस मेसेज लिहिणाऱ्यानं कसं केलं, कोण जाणे. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर आली की इशारा, ४५ ला धोका. गावभागातली, शामरावनगरातली माणसं त्याआधीच गाड्या विश्रामबागकडे, मिरजेकडे हलवतात. बॅटरीला पाणी न शिरण्याचं आयपी ६७ रेटिंग असलं तरी त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, चार दिवस नव्हे. म्हणजे घर अंधारात असतं तेव्हा गाडी तिथे नसते आणि नसलेलीच बरी.

तिचा उपयोग आहे पाणी उतरल्यावर. डीपी, मीटर तपासून लाइन सुरू व्हायला दिवस लागतात, तेव्हा मिरजेतून चार्ज करून आणलेली गाडी सोन्यासारखी. पण भिंतीतल्या सॉकेटमध्ये गाळ असतो. घराच्या वायरिंगला हात न लावता गाडीपासून थेट जाड वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड ओढा, कोरड्या जागी उंच ठेवा आणि त्यावर मोबाईल, दोन दिवे, पंखा चालवा. चिखल धुवायला प्रेशर पंप लावायचाच असेल, तर तो आधी एकट्यानं सुरू होतो का बघा.