खाणीखालची नदी निर्दोष कशी ठरवावी

परवा एका खाणीच्या अहवालाचं सादरीकरण नशिबी आलं. साहेबांनी काचेची बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, "बघा, किती नितळ पाणी!" लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. ही विद्या सर्वांपर्यंत पोचावी म्हणून हा खटाटोप. तुमचीही एखादी खाण असेल तर टिपून घ्या.

नितळ पाणी म्हणजे डाव्या हातचा मळ. उपसलेल्या दगडातल्या पायराइटला, म्हणजे लोखंड आणि गंधकाच्या खनिजाला, हवापाणी लागू द्या. गंधकाम्ल आपोआप तयार होतं आणि तांबं, जस्त, कॅडमियम विरघळवून ओढ्यात आणून सोडतं. विरघळलेलं डोळ्यांना दिसतंय थोडंच? खाली दगडांवर नारिंगी साका बसला तर "इथली मातीच तशी" म्हणावं.

नमुना घेण्याचं मात्र शास्त्र आहे. कोरड्या दिवसांत खाणीच्या ढिगाऱ्यांवर धातूंचे क्षार फुलून येतात आणि पहिल्या पावसात एकदम नदीत उतरतात. म्हणून त्या दिवशी बाटली कपाटात ठेवावी. बुडवायची ती भर पुरात, तीही दोन उपनद्या मिळाल्यावर. मग वर्षाची सरासरी काढावी. माशाला सरासरीत श्वास घेता येत नाही, हा त्याचा दोष. त्याला त्या एका दिवसाचं पाणी कल्ल्यांतून काढावंच लागतं. तिथे तांबं त्याला जगायला लागणारं सोडियम आत येऊ देत नाही, कॅडमियम कॅल्शियमची वाट अडवतं. आणि गाळाला तर हातच लावू नका! धातू शेवटी तिथेच जाऊन बसतात. माशांचं खाणं असलेल्या मेफ्लाय किड्याच्या अळ्याही तिथेच, तळाच्या दगडांखाली. अळ्या संपल्या की मासे उपाशी. पण अळ्यांचा रकाना तुमच्या तक्त्यात असतोच कुठे? एवढा जाडजूड अहवाल छापता आणि नदीच्या तळाला एक साधी जाळी लावायला हात मोडतात? असो. उपदेशाकडे वळू.

मेलेले मासे तरंगताना दिसले नाहीत, तर "जलजीवन सुरक्षित" लिहून मोकळे व्हा. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम तांब्यानेही सामन माशाचं नाक बधिर होतं, धोक्याचा वास येईनासा होतो. मग शिकारी त्याला गिळतो. गिळलेला मासा तरंगत नाही.

सोनं काढताना पारा सांडला तरी चिंता नको. गाळातले जिवाणू त्याचा मिथिलपारा, म्हणजे अंगात साठत जाणारं विष, करतात, पुढची पोच मासे देतात, थेट ताटापर्यंत.

खाणीचा टाकाऊ गाळ अडवणारा बांध फुटलाच, तर "अभूतपूर्व" म्हणावं. ब्राझीलमध्ये नोव्हेंबर २०१५ मध्ये मारियानाजवळचा बांध फुटला, गाळ दोसी नदीतून थेट अटलांटिकला गेला. जानेवारी २०१९ मध्ये त्याच राज्यात ब्रुमादिन्योचा फुटला, २७० माणसं गेली. शब्द दुसऱ्यांदाही चालतो.

खाण संपली की कुलूप लावून निघा. आम्ल पुढे शेकडो वर्षं झिरपेल, तेव्हा तुमचा पत्ता कोण विचारतो!

जाऊ दे, कसला उपरोध करायचा, तुम्ही हे सगळं खरंच करता. त्या अहवालात लिहिलंय, "जलसृष्टी पूर्वीइतकीच". पूर्वीची म्हणजे कुठली हो? खाण सुरू होण्याआधी नदीत कोणते मासे होते, कोणत्या अळ्या होत्या, याची एक ओळ तुमच्याकडे नाही. विचारलं तर म्हणे "तेव्हा तसा नियम नव्हता". नियम नव्हता म्हणून डोळेही नव्हते का? नोंद तुम्ही करायची नाही, नदी तुम्ही नासवायची आणि पुरावा मात्र आम्ही आणायचा. जरा तरी लाज बाळगा!