कच्चा लिंबू

परवा संध्याकाळी आमच्या पार्किंगमधे पोरं डबा ऐसपैस खेळत होती. वरच्या मजल्यावरची साडेतीन वर्षांची चिमुरडी "मला पण घ्या ना" करत त्यांच्या मागे मागे. त्यातल्या मोठ्या ताईने जाहीर केलं, "ही कच्चा लिंबू!" झालं, घेतलं तिला. पळायचं, लपायचं, पण राज्य येणार नाही. लपली कुठे तर पिलरमागे, अर्धा फ्रॉक बाहेर, आणि ज्याच्यावर राज्य होतं तो पोरगा दोनदा तिच्या समोरून गेला, "कुठे गेली बाबा ही?" म्हणत.

मी भाजीची पिशवी घेऊन बघतच राहिले. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. लहानाला सांभाळून घ्यायचं आणि तरी खेळ मोडू द्यायचा नाही, हे पोरं खेळता खेळताच शिकतात.

सातला तिला घरी नेलं, कारण होमवर्क. चार रेघी वही, स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन, पानंच्या पानं. अहो, त्या बोटांत अजून पेन्सिल धरायची ताकद नाही! ती ताकद माती मळून, मणी ओवून, सागरगोटे झेलून येते, मग अक्षर आपोआप वळणावर येतं.

आणि खेळातून शिकणं हे काही परदेशी फॅड नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीत लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघ सोबत होत्या. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हे नाव तिथलंच. महागडी साधनं नव्हती, शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, यावरच मोजणं, लावणं, रंग ओळखणं. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वयासाठी खेळातूनच शिकवा असं लिहिलंय, तरी ॲडमिशनला गेलं की आपण पालकच पहिलं विचारतो, लिहायला कधी शिकवणार?

क्लास लावले की खेळ झाला असंही मला वाटत नाही. स्केटिंग, फुटबॉल चांगलंच आहे, पण तिथे शिट्टी सरांची, नियम सरांचे. पार्किंगमधे "तू आउट", "नाही, मी टाइमप्लीज घेतलं होतं" यावर पोरं दहा मिनिटं भांडतात, मग स्वतःच तोडगा काढतात कारण नाहीतर खेळ बंद पडतो ना. आपण वरून ओरडून ते भांडण मिटवतो तेव्हा त्यांच्या हातातलं केवढं मोठं काम काढून घेतो!

आता सोसायटीत बोर्ड लावायचं चाललंय, पार्किंगमधे खेळण्यास मनाई. रविवारच्या मीटिंगला मी जाणार आहे आणि सहा ते साडेसात तरी जागा पोरांना सोडा म्हणून भांडणार आहे, ज्यांना पटतंय त्यांनी प्लीज या.

काल चकायला सगळे गोल उभे राहिले तर चिमुरडीनेही हात पुढे केला. म्हणाली, "मी नाही कच्चा लिंबू. माझ्यावर पण राज्य पाहिजे."