प्रतिक्रियेला उत्तर : तेलातला बेल्ट खराब होतो तरी कसा?

नमस्कार,

प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत वाटेला लावत नाही.

फोर्डच्या एक लीटर इकोबूस्ट इंजिनाचा ओला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा, तेलात फिरणारा पट्टा) एक लाख किलोमीटरच्या आत बदलून घ्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : फोर्डने युरोपात 10 वर्षं किंवा 2 लाख 40 हजार किलोमीटर सांगितले असताना गॅरेजवाले लाखाच्या आत इंजिन खोलायला लावतात, म्हणजे गिऱ्हाईक कापायचा धंदा. बेल्ट सदा तेलात भिजलेला, त्याला झीज कसली? तेल कुठलंही चांगल्या कंपनीचं सिंथेटिक असलं की झालं. आणि तुमची 2014 ची इकोस्पोर्ट 92 हजार झाली तरी इंजिनाचा कसलाही आवाज नाही.

शेवटून सुरू करतो. 10 वर्षं ‘किंवा’ 2 लाख 40 हजार, म्हणजे यातलं जे आधी येईल ते. तुमच्या गाडीची 10 वर्षं कधीच उलटली. माझं एक अक्षरही मानू नका, पण तुम्हीच पुढे केलेल्या आकड्याप्रमाणे तुमचा बेल्ट थकबाकीत आहे.

आता झिजेचं. नुसत्या तेलाने हा बेल्ट खराब होत नाही, हे खरंच. त्याचं रबर तेलात टिकावं म्हणूनच बनवलेलं असतं, आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात. घोळ करतं ते तेलात उतरलेलं पेट्रोल. या इंजिनात पेट्रोलचा फवारा थेट सिलिंडरमध्ये होतो. इंजिन गार असताना त्यातलं थोडं भिंतीला चिकटतं, पिस्टनच्या रिंगांवरून ओघळतं आणि खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात जातं. गाडी तासभर हायवेला पळाली तर तेल तापून ते उडून जातं. शाळा, भाजी, बँक असे दोन-दोन किलोमीटरचे फेरे असतील तर साठत राहतं. त्या मिश्रणात रबर फुगतं, मऊ पडतं, दातांवरचं कापड सुटायला लागतं. म्हणून रोज कोल्हापूर-पुणे करणाऱ्या गाडीचा लाखाचा बेल्ट चांगला निघतो आणि गल्लीत फिरणाऱ्या गाडीचा साठ हजारांचा खराब. मीटर दोघांचा सारखाच मोजतो, तेल नाही.

आणि आवाज येण्याची वाट पाहू नका. काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते, ती सैल झाली की खडखडते. बेल्ट शेवटपर्यंत गप्प असतो.

लोकांना वाटतं धोका म्हणजे बेल्ट तुटणं. तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडतात, व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ओल्या बेल्टचा खरा त्रास तुटण्याच्या आधी सुरू होतो. मागे आमच्याकडे एक गाडी आली, कंपनीचं नाव घेत नाही. तक्रार बेल्टची नव्हतीच. सिग्नलला थांबलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा, रेस दिली की विझायचा. आधीच्या मेकॅनिकने प्रेशरचा सेन्सर बदलून पाठवलं होतं. चेंबर उतरवला तर ऑइल पंपाच्या जाळीवर काळा लगदा बसलेला. बोटात चोळून पाहिला, तर रबराचा चुरा आणि बारीक धागे. वर बेल्ट जागच्या जागी, दात शाबूत, टायमिंग बरोबर! असं इंजिन आणखी थोडं चालवलं असतं तर आधी टर्बो गेला असता, मग बेअरिंगं.

प्यूजो-सिट्रोएनच्या 1.2 प्युअरटेक इंजिनात, त्यालाही ओलाच बेल्ट, तर हाच चुरा ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपापर्यंत पोचला. पेडल कडक होऊ लागलं आणि गाड्या परत बोलवाव्या लागल्या. बेल्ट बदलण्याची मुदतही कंपनीने खाली आणली, ती युरोपात 6 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटरवर आली. 2024 मध्ये स्टेलांटिसने (प्यूजो-सिट्रोएनची मालक कंपनी) तिकडे 10 वर्षं किंवा 1 लाख 75 हजार किलोमीटरपर्यंत वॉरंटीसारखं संरक्षण वाढवलं, पण अट घातली की सर्व्हिस ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे झालेली हवी. छापील आकडा हा असा असतो. तो प्रयोगशाळेतून निघतो आणि रस्त्यावर आल्यावर बदलतो. माझा ‘लाखाच्या आत’ कुठल्या पुस्तकातला नाही, आपल्याकडच्या वापराकडे बघून लावलेला आहे, आणि त्यावर मी ठाम आहे.

‘कुठलंही चांगलं सिंथेटिक’ याला मात्र माझा साफ विरोध. या इंजिनाला 5डब्ल्यू-20 हे पातळ तेल लागतं, आणि डब्यावर फोर्डचा डब्ल्यूएसएस-एम2सी948-बी हा नंबर असायला हवा. ड्रममधून ओतलेलं जाड 15डब्ल्यू-40 इतर गाड्यांत खपून जातं, इथे नाही. वर्षाला एकदा किंवा दहा हजारांना तेल, शहरातल्या गाडीला त्याहून लवकर. शिवाय ते इंजिन फ्लशचे (आतली घाण धुवायच्या द्रावणाचे) डबे यात चुकूनही ओतू नका. ज्याच्यापासून बेल्टला जपायचं, तसलंच द्रावण आपण पैसे देऊन आत घालतो.

गिऱ्हाईक कापण्याबद्दल. काम महाग आहे, नाही म्हणत नाही. पण का, ते बघा. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) पुलीला चावीची खाच नाही, ती नुसत्या बोल्टच्या दाबावर धरलेली असते. तो बोल्ट ढिला केला की टायमिंग मोकळं. म्हणून क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) लॉक करायची खास हत्यारं लागतात, बोल्ट नवा लागतो, तो ठरलेल्या टॉर्कला आवळून वर अंशात फिरवावा लागतो. ‘खडूने खूण केली की झालं’ म्हणणारा मिस्त्री भेटला तर तिथून गाडी घेऊन निघा. पुढचं कव्हर सीलंटवर बसतं, जुना सीलंट खरवडताना कण आत पडता कामा नयेत. घाईने केलं तर नव्या बेल्टसकट जुनीच कटकट.

आणि एक बेल्ट बदलून भागत नाही. आत दुसरा, छोटा बेल्ट असतो, ऑइल पंप फिरवणारा. पुढच्या इकोबूस्टमध्ये टायमिंगला चेन आली तरी पंपाला बेल्टच राहिला. याच पंपाच्या बेल्टचा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) तुटू शकतो म्हणून डिसेंबर 2023 मध्ये फोर्डने अमेरिकेत सुमारे 1 लाख 40 हजार गाड्या परत बोलावल्या, फोकस आणि इकोस्पोर्ट. त्यातल्या इकोस्पोर्ट आपल्या चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरला बनून तिकडे गेलेल्या. 2021 मध्ये फोर्डने इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, त्यामुळे जेन्युइन पार्ट आधी मागवून हातात घ्या, मगच गाडी खोलायला द्या. गाडी खोलून ठेवून पार्टची वाट बघणारे मी पाहिलेत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर रविवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, डिपस्टिक काढा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल आणि तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, तर बेल्टचं ठरेपर्यंत निदान तेल आणि फिल्टर लगेच बदला. प्युअरटेकला तेल भरायच्या झाकणातून बेल्ट दिसतो, त्याची रुंदी मोजायचं गेजही मिळतं. इकोबूस्टला वरचं कव्हर काढावं लागतं. गॅरेज कुठलंही निवडा, माझं नको असेल तर नको. फक्त कामाला टाकताना जॉब कार्डवर चार गोष्टी लिहून घ्या : दोन्ही बेल्ट, पंपाचा टेन्शनर, क्रँकचा नवा बोल्ट, आणि चेंबर उतरवून जाळी साफ करणं. चौथ्याला ‘त्याची गरज नाही’ असं उत्तर आलं, तर दुसरं गॅरेज बघा.